बॅटरी ग्रिप कशासाठी घ्यायची?

मागच्या अंकात ढोल-ताशा पथकांच्या फोटोंबद्दल लिहिताना मी एक वाक्य सहज लिहून गेले होते, की विसर्जनाच्या दिवशी माझ्या कॅमेऱ्याला ग्रिप लावलेली असते. त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आले की या वेळी दुसरा कुठलाच विषय घेत नाही. ज्यांनी ग्रिप पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: कॅमेऱ्याच्या तळाला स्क्रूने बसणारा हा एक ठोकळा असतो. त्याच्या पोटात जास्तीच्या बॅटऱ्या बसतात आणि बाजूला शटरचं आणखी एक बटण असतं, कॅमेरा उभा धरल्यावर बरोबर बोटाखाली येईल असं.

प्रश्न : ताई, माझ्याकडे कॅननचा ८०डी आहे. आमच्या पथकाचे फोटो मीच काढतो. मागच्या वर्षी विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावर, अलका चौक समोर दिसत असताना बॅटरी संपली. शेवटचं वादन माझ्याकडे नाही. मित्र म्हणतात बीजी-ई१४ ग्रिप घे, दोन बॅटऱ्या बसतात, चिंता मिटेल. घेऊ का?
(ढोलपथकातला एक वाचक, नारायण पेठ)

उत्तर : बॅटरी संपते एवढ्याच कारणासाठी घेणार असाल तर घेऊ नका. ग्रिपमध्ये स्वतःची अशी वीज नसते. तिच्यात दोन एलपी-ई६एन, म्हणजे ८०डीच्याच बॅटऱ्या, बसतात म्हणून फोटो दुप्पट निघतात. तीच दुसरी बॅटरी शर्टाच्या खिशात असली तरी फोटो तेवढेच निघणार. झाकण उघडून बॅटरी बदलायला दहा सेकंद लागतात. कंपनीच्या ग्रिपच्या पैशांत ओरिजिनल बॅटऱ्या दोन तरी येतील. तुमच्याकडे त्या दिवशी ग्रिप नव्हती म्हणून वादन हुकलं नाही, दुसरी बॅटरी घरी राहिली म्हणून हुकलं.

८०डीसाठी कॅननने एका बॅटरीवर ९६० फोटोंचा आकडा दिला आहे. तो मोजताना दर दुसऱ्या फोटोला फ्लॅश उडवलेला असतो. तुम्ही दिवसाउजेडी, फ्लॅशशिवाय, डोळा व्ह्यूफाइंडरला लावून सलग फोटो काढता, तेव्हा त्याहून बरेच जास्त निघतात. मग तुमची बॅटरी संध्याकाळीच का संपली? माझा अंदाज सांगते. गर्दीत हात उंच करून, मागच्या पडद्यावर बघत फोटो काढले असणार. पथकाच्या ग्रुपवर पाठवायला वाय-फाय सुरू ठेवलं असणार. शिवाय प्रत्येक फोटो काढल्यावर मुलांना दाखवला असणार. या तिन्ही गोष्टी बॅटरी खातात. पडदा तर सगळ्यांत जास्त.

आता ग्रिप घ्यायचं खरं कारण. ते मला खांदा दुखावल्यावर कळलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

२०१४च्या डिसेंबरात मी टिळक स्मारक मंदिर नाट्यगृहात एका मुलीच्या अरंगेत्रमचे फोटो काढत होते. भरतनाट्यमची नर्तिका म्हणजे उभी आकृती. डोक्यावरच्या गजऱ्यापासून पायातल्या घुंगरांपर्यंत सगळं यायला हवं, त्यामुळे दहातले आठ फोटो उभे. कॅमेरा ७३० ग्रॅमचा, त्याला ७०-२०० एफ/२.८ लेन्स, ती १४९० ग्रॅमची. म्हणजे सव्वादोन किलो. उभा फोटो काढताना उजवा हात वर जातो, कोपर हवेत राहतं, मनगट मुडपतं. कार्यक्रम अडीच तास चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला केसांना कंगवा लावता येईना.

डॉक्टरांनी आधी बरेच प्रश्न विचारले. मग टेबलावरची पाण्याची बाटली माझ्या हातात देऊन म्हणाले, कॅमेरा कसा धरता ते दाखवा. मी आडवी धरली. ते काही बोलले नाहीत. मग उभी धरली, तशी ते उठले आणि त्यांनी माझं कोपर हलकेच खाली दाबून बरगड्यांना टेकवलं. “असं धरता येईल असं काहीतरी बघा,” एवढंच म्हणाले. पुढच्या महिन्यात मी ग्रिप घेतली, आणि बॅटरीसाठी मुळीच नाही. कॅमेरा उभा धरूनही दोन्ही कोपरं अंगाशी राहावीत, यासाठी घेतली. वजन वाढलं, पण ते आता हाडांवर येतं, खांद्याच्या स्नायूवर लोंबकळत नाही. हातही कमी थरथरतो. संध्याकाळच्या उजेडात शटरचा वेग १/६० सेकंदापर्यंत उतरवावा लागतो, तेव्हा हा फरक फोटोत दिसतो.

तुमच्या कामात उभे फोटो किती, हे तुम्हीच मोजा. मागच्या वर्षीचे सगळे फोटो कॉम्प्युटरवर उघडा आणि उभे किती, आडवे किती ते बघा. मला वाटतं उभे बरेच निघतील. ध्वज नाचवणारी मुलगी आणि तिच्या डोक्यावर दोन पुरुष उंचीचा भगवा, हे आडव्या चौकटीत मावतच नाही. लक्ष्मी रस्ता आहेच असा, दोन्ही बाजूंना इमारती, गॅलऱ्यांतून वाकलेली माणसं आणि मध्ये अरुंद रस्ता. बेलबाग चौकातून पुढे बघितलं की कॅमेरा आपोआप उभा होतो. उभे फोटो तीनातला एक किंवा त्याहून जास्त असतील तर ग्रिप जरूर घ्या. शंभरात दहाच असतील तर एक बॅटरी घ्या आणि उरलेले पैसे लेन्ससाठी ठेवा.

घेतलीत तर काही गोष्टी. बीजी-ई१४ हीच ग्रिप ७०डी, ८०डी आणि ९०डी तिघांनाही बसते, त्यामुळे वापरलेली चांगली मिळू शकते. बसवण्यापूर्वी बॅटरीचं झाकण बिजागरीपाशी असलेली छोटी कळ दाबून काढावं लागतं. ते हरवू नका. ग्रिप काढायची वेळ आली आणि झाकण नसलं तर कॅमेरा उघडाच राहतो. उभ्या बटणाशेजारी एक खटका असतो, आडवे फोटो काढताना तो बंद ठेवा, नाहीतर तळहाताने बटण दाबलं जातं. फोकसचा बिंदू हलवायची चकती या ग्रिपवर नाही, त्यासाठी अंगठा मूळ कॅमेऱ्याकडे न्यावाच लागतो. हे आठवडाभर घरात सराव करून बघा, थेट मिरवणुकीत नको.

आणि ग्रिप असली तरी तिसरी बॅटरी खिशात हवीच. मिरवणूक सकाळी मंडईतून निघते आणि अलीकडे चोवीस तासांच्या पुढे जाते. मी सकाळी दोन भरलेल्या बॅटऱ्या ग्रिपमध्ये घालते. मेनूतल्या बॅटरीच्या पानावर दोन्हींची टक्केवारी वेगवेगळी दिसते, ती दुपारी जेवताना एकदा बघते. कॅननच्या ग्रिपचा ट्रे बाहेर ओढला की दोन्ही बॅटऱ्या एकदम निघतात आणि कॅमेरा बंद होतो. म्हणून बॅटरी बदलायची ती पथक थांबलेलं असताना, आणि कार्डाचा लाल दिवा विझल्याची खात्री करूनच.

प्रश्न : मी लग्नाचे फोटो काढते. ओरिजिनल ग्रिप परवडेना म्हणून लोकल घेतली. कॅमेरा उभा केला की कधीकधी बंद पडतो, पुन्हा सुरू केला की बॅटरीशी संपर्क होत नाही असं लिहून येतं. ग्रिप खराब आहे की कॅमेरा? पुढच्या महिन्यात चार लग्नं आहेत, म्हणून घाबरले आहे.
(लग्नसमारंभांची एक छायाचित्रकार, धायरी)

उत्तर : कॅमेरा बहुधा ठीक आहे. खात्री अशी करा: ग्रिप काढा, ओरिजिनल बॅटरी थेट कॅमेऱ्यात घाला आणि दोन दिवस वापरा, उभा, आडवा, लांब लेन्स लावून. एकदाही बंद पडला नाही तर दोष ग्रिपकडचा. मग ग्रिप लावून एकच बॅटरी आधी एका कप्प्यात, नंतर दुसऱ्या कप्प्यात. तसंच दुसऱ्या बॅटरीने. अशा चार फेऱ्यांत कळतं की कप्पा बिघडलाय, बॅटरी बिघडली आहे, की दोन्ही ठीक असून वरचा जोडच ढिला आहे.

तुम्ही लिहिलंय की “उभा केला की” बंद पडतो, त्यावरून मला जोडाचाच संशय येतो. अशा ग्रिपचा एक दांडा बॅटरीच्या जागी आत जातो आणि त्याच्या टोकाचे पत्रे कॅमेऱ्यातल्या स्प्रिंगच्या पिनांना टेकतात. बाकी सगळा भार ट्रायपॉडच्या एकाच स्क्रूवर. कॅमेरा उभा धरला की लेन्सचं वजन त्या जोडावर आडवं येतं. ग्रिपचं प्लास्टिक जरा लवचीक असलं किंवा त्या स्क्रूचं चाक पूर्ण आवळलेलं नसलं, तर केसाएवढी फट पडते आणि वीज क्षणभर तुटते. कॅमेऱ्याला तेवढं पुरतं.

हे मी स्वतः भोगलं आहे. माझी पहिली ग्रिप घेण्याच्या आधी वर्षभर मी दुसऱ्या एकाची लोकल ग्रिप वापरून बघत होते. कर्वे रस्त्यावरच्या एका कार्यालयात लग्न होतं. मंगलाष्टकं संपत आलेली, मी नवरीच्या बाजूने खाली गुडघ्यावर बसून कॅमेरा उभा धरलेला. ताशा वाजला, अंतरपाट बाजूला झाला, अक्षता उडाल्या आणि माझ्या व्ह्यूफाइंडरमधला प्रकाशमापकाचा काटा विझला. कॅमेरा पुन्हा सुरू होईपर्यंत हार घालून झाले होते. त्या दोघांनी एकमेकांना पहिल्यांदा पाहिलं तो फोटो माझ्याकडे नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन मुलीच्या आईवडिलांना सांगितलं. त्यांनी समजून घेतलं, पण ती माऊली मला म्हणाली, “मीसुद्धा तेव्हा खाली मान घालून अक्षता टाकत होते हो, मला वाटलं फोटोत बघेन.” हे मी अजून विसरलेले नाही.

म्हणून तुमच्या चार लग्नांसाठी माझा सल्ला स्पष्ट आहे. ही ग्रिप घरी ठेवा. खिशात तीन बॅटऱ्या ठेवा, आणि मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी, कितीही शिल्लक असली तरी, भरलेली बॅटरी घाला. खांद्यासाठी एक बिनखर्चाचा उपाय आहे: उभा फोटो काढताना कॅमेरा उलट्या बाजूला वळवा, म्हणजे शटरचा हात वर न जाता खाली येईल. सुरुवातीला मनगट अवघडतं, पण कोपर तरी हवेत राहत नाही.

लग्नसराई संपल्यावर ग्रिपवर एक संधी घेऊन बघा. दांड्याचे पत्रे आणि ट्रेचे पत्रे सुती कापडाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, पूर्ण सुकू द्या, चाक घट्ट आवळा. अर्धा तास फोटो काढल्यावर चाक पुन्हा तपासा, ते सैल होतं. सगळ्या लोकल ग्रिप वाईट असतात असं मी म्हणणार नाही, काही वर्षानुवर्षं चालतात. पण दुसऱ्याच्या आयुष्यातला एकदाच येणारा क्षण टिपायला जाताना, मी महिनाभर न तपासलेली ग्रिप नेत नाही.

ट्रायपॉडचंही इथेच सांगते. ग्रिपच्या खाली ट्रायपॉड लावला की मध्ये एक लवचीक मजला तयार होतो. सारसबागेच्या तळ्याकाठी रात्री दहा-पंधरा सेकंदांचे फोटो काढायचे असतील तर ग्रिप काढा आणि ट्रायपॉड थेट कॅमेऱ्याला लावा. लांब लेन्सला स्वतःची कॉलर, म्हणजे ट्रायपॉडला जोडायचं कडं, असेल तर प्रश्न नाही.

प्रश्न : माझ्याकडे बाबांचा निकॉन डी७२०० आणि त्याची एमबी-डी१५ ग्रिप आहे. थंडीत भिगवणला रोहित पक्षी बघायला जाणार आहोत. ग्रिपबरोबर पेन्सिल सेलचा ट्रेसुद्धा आहे. सेल घातले तर चालेल ना? आणि ग्रिपमुळे फोटोंचा वेग वाढतो का?
(बारावीतला एक विद्यार्थी, कोथरूड)

उत्तर : वेगाचं आधी. तुझ्या कॅमेऱ्यात नाही वाढत. सेकंदाला ६ फोटो, ग्रिप असो वा नसो. काही मोठ्या कॅमेऱ्यांत वाढतो. निकॉनचाच डी८५० सेकंदाला ७ फोटो काढतो, आणि एमबी-डी१८ ग्रिपमध्ये मोठी ईएन-ईएल१८बी बॅटरी घातली की ९.

सेल चालतात, पण कुठले ते महत्त्वाचं. किराणा दुकानात मिळणारे साधे पेन्सिल सेल घालू नकोस. अल्कलाइनही पक्ष्यांच्या कामाला नको. अल्कलाइनचा एक सेल दीड व्होल्टचा, सहांचे ९ व्होल्ट होतात, कागदावर भरपूर वाटतात. पण दर फोटोला आतला आरसा उचलताना आणि मोठ्या लेन्सचा फोकस फिरवताना कॅमेरा क्षणभर जोरात वीज ओढतो. अल्कलाइनच्या आतला रोध जास्त, त्यामुळे त्या क्षणी व्होल्टेज कोसळतं आणि सेलमध्ये जीव असूनही कॅमेरा रिकामी बॅटरी दाखवतो. थंडीत हे आणखी लवकर होतं. माझ्या बाबांच्या एफएम२ या रिळाच्या कॅमेऱ्याला एमडी-१२ मोटर ड्राइव्ह होता, त्यात ८ पेन्सिल सेल लागायचे. त्याला फक्त रीळ पुढे सरकवायचं असायचं. आजच्या कॅमेऱ्याला त्याच सेलकडून फोकस, पडदा, कार्ड, सगळंच हवं असतं.

रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल घे. ते १.२ व्होल्टचे, सहांचे ७.२. तुझी मूळ ईएन-ईएल१५ बॅटरी ७ व्होल्टची आहे, म्हणजे कॅमेऱ्याला सवयीचंच मिळतं. २००० एमएएच (साठवणीचं माप) क्षमतेचे सहा सेल साधारण एका बॅटरीइतकी ऊर्जा देतात, वजन मात्र जवळपास दुप्पट. मेनूत एमबी-डी१५साठी सेलचा प्रकार निवडायची जागा आहे, तिथे एचआर६, म्हणजे हेच रिचार्जचे सेल, निवड. ते नाही केलंस तर किती वीज उरली हे कॅमेरा चुकीचं दाखवेल. सहाही सेल एकाच खरेदीचे, एकत्र चार्ज केलेले असू देत. एक जुना घातलास तर तो बाकीच्या पाचांनाही खाली ओढतो.

तुझ्या ग्रिपची एक सोय कॅननवाल्यांकडे नाही. तुझी एक बॅटरी कॅमेऱ्यातच राहते आणि दुसरी ग्रिपमध्ये बसते. मेनूत बॅटरीचा क्रम ठरवता येतो, तो आधी ग्रिपमधली वापरायची असा ठेव. मग नावेत बसल्या बसल्या ग्रिपचा ट्रे बदलता येतो आणि कॅमेरा सुरूच राहतो. कुंभारगावच्या नावा पहाटे निघतात. उगवतीचा उजेड पाण्यावर असतो तो वेळ फार थोडा. पण नाव डुलत असते, म्हणून ट्रे काढताना कॅमेरा मांडीवर घे आणि पट्टा गळ्यात असू दे. आणि नावाड्याला रोहितांच्या फार जवळ न्यायला सांगू नकोस. ते उडाले की त्यांचं खाणं मोडतं.

प्रश्न : कॅननच्या १५००डीसाठी ओरिजिनल ग्रिप दुकानात मिळत नाही. कुठे मिळेल?
(एक गृहिणी, चिंचवड)

उत्तर : कॅननने या मॉडेलसाठी ग्रिप काढलेलीच नाही, तेव्हा शोधू नका. दुसऱ्या कंपन्यांच्या मिळतात. कॅमेऱ्याच्या तळाला बटणांसाठीचे जोड नाहीत, म्हणून त्या ग्रिपमधून एक छोटी वायर निघते आणि ती बाजूच्या रिमोटच्या भोकात घालावी लागते. ती वायर घरात ठीक आहे, गर्दीत अडकते. तुम्ही मुलांचे आणि सणांचे फोटो काढता असं लिहिलं आहे. त्यासाठी जास्तीची एक एलपी-ई१० घ्या. ८६० एमएएचची ही छोटी बॅटरी आहे, दोन असलेल्या बऱ्या. कॅमेरा हलका आहे, तो हलकाच राहू द्या.

प्रश्न : दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर दिवे घाटापर्यंत चालतो आणि फोटो काढतो. पावसात ग्रिप ठेवावी की काढावी?
(सेवानिवृत्त शिक्षक, हडपसर)

उत्तर : सर, काढावी. कॅमेरा कितीही पावसाला टिकणारा असला तरी ग्रिप लावली की तळाशी एक नवा जोड आणि बाजूला ट्रेचं दार तयार होतं. घाटात पाऊस वरून कमी आणि बाजूने जास्त येतो, आणि ओल्या हातांनी कॅमेरा धरला की पाणी ओघळून तळाशीच जमतं. शिवाय चढ आहे, गळ्यात वजन कमी असलेलं बरं. घाटातले चांगले फोटो बहुतेक आडवेच असतात, वळणावळणाने चढणारी दिंडी आणि पताका. मोठी प्लास्टिकची पिशवी, लेन्सपुरतं भोक पाडून रबर बँड लावलेली, एवढं पुरे.

खिशातल्या सुट्या बॅटऱ्यांना त्यांची टोपी लावलेली हवी, नाहीतर किल्ल्या आणि नाणी लागून शॉर्ट होते. एलपी-ई६च्या टोपीला बॅटरीच्या आकाराची खिडकी असते. भरलेल्या बॅटरीला टोपी अशी लावा की खिडकीतून निळा रंग दिसेल, रिकामीला उलटी फिरवून लावा. मग भर पावसात, चष्मा ओला असतानाही, भरलेली कुठली ते एका नजरेत कळतं.

ग्रिप भिजलीच तर आधी कॅमेरा बंद करा, मग ट्रे काढा, बॅटऱ्या काढा, ग्रिप कॅमेऱ्यापासून वेगळी करा. दांड्याच्या टोकाचे पत्रे कोरड्या कापडाने टिपा आणि रात्रभर पंख्याखाली ठेवा. हेअर ड्रायर लावू नका. सासवडला मुक्कामाला पोचल्यावर पहिलं काम हेच, चहा त्यानंतर.